मा. बेस बूस्ट साहेब यांस जाहीर पत्र

मा. बेस बूस्ट साहेब,
मु. पो. सेटिंग्ज, तालुका इक्वलायझर

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपलं अभिनंदन करायचं राहून गेलं होतं. नवा हेडफोन कानाला लागला की माणूस आधी आपल्याला शोधतो, गाणं मागाहून. आपले थोरले बंधू वरातीच्या ट्रॅक्टरवर बसून अख्ख्या आळीच्या खिडक्या हादरवतात. आपण तेच कार्य एकेका कानात करता, तेही पोलिसांची परवानगी न काढता.

आपला पराक्रम ऐकला आहे. बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, आणि वसंतराव देशपांडे यांचं १९७० सालचं ‘कानडा राजा पंढरीचा’ लावलं आणि आपल्याला पाचारण केलं. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत पाच स्लायडर असतात: ६०, २३०, ९१०, ३६०० आणि १४००० हर्ट्झ. पहिले दोन वर सरकले मात्र, ठेका असा फुगला की दोघे थोर गायक मागच्या खोलीत सतरंज्या झटकत गातायत की काय असं वाटावं. वसंतरावांची हरकत कधी आली, कधी गेली, पत्ता नाही. गळ्याचा पोत आणि शब्दांची धार बरीचशी त्यापुढच्या दोन स्लायडरांच्या टापूत असते. पण तिकडे बघायला आपल्याला सवड कुठली!

त्याहून मोठं काम आपण गुपचूप करता. डिजिटल आवाजाला शून्य डेसिबलचं छत असतं आणि हल्लीची बहुतेक गाणी आधीच त्या छताला डोकं टेकून बसलेली. त्यात आपण खालच्या सुरांवर ६ डेसिबल चढवता, म्हणजे तिथल्या लहरीची उंची जवळजवळ दुप्पट. छताबाहेर गेलेलं डोकं सपाट छाटलं जातं आणि ‘धम्म’च्या जागी ‘फर्रर्र’ येतं. मालक म्हणतो, हेडफोनच भिकार निघाला. आपण नामानिराळे! राजकारणात का नाही गेलात?

आपले विरोधक अगदीच मिळमिळीत. म्हणे, एखादा स्लायडर जितका वर न्याल तितकं प्रीअँप, म्हणजे सगळ्या सुरांची एकत्र पातळी, खाली घ्या. त्याहून बरं म्हणजे काहीच वर नेऊ नका, जे खुपतंय ते उतरवा. आवाज कोंदट वाटला तर २३० दोन-तीन डेसिबल खाली, ‘स’ कानाला टोचला तर वरच्या अंगाला थोडी कात्री, मग व्हॉल्यूम एक घर पुढे. हे केल्यावर डग्ग्याची मींड सुटी ऐकू येते हे खरं आहे, पण त्यात आपला दरारा कुठे राहिला? शिवाय ते सांगतात की जुनी-नवी सेटिंग सारख्याच मोठ्या आवाजात ताडून बघा, कारण कानाला जे मोठं तेच चांगलं वाटतं. आपली निम्मी लोकप्रियता एवढ्यावरच उभी आहे, तेव्हा हा सल्ला दडपावा हे उत्तम.

एका बाबतीत मात्र उपरोध बाजूला ठेवून आपली बाजू घेतो. हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलं. रात्री घर झोपल्यावर हळू ऐकणाऱ्याला आपला थोडा आधार रास्त आहे. लोकलच्या घरघरीतही खालचेच सूर आधी बुडतात. पण तिथे आपल्याला चढवून वर व्हॉल्यूमही चढवणाऱ्याचे कान लवकर जातील, आणि मग आपल्याला ऐकणार कोण?

बाकी तयार सेटिंगांच्या यादीत आपल्याला तोड नाही. रॉक, पॉप, जाझ, हिप हॉप, हेवी मेटल सगळे हजर. ‘क्लासिकल’ आहे, ते पाश्चात्त्यांचं. लावणी नाही, नाट्यगीत नाही, भजन नाही. आमच्या माणसाने मग जायचं कोणाकडे? आपल्याकडेच.

कळावे, लोभ आहेच, तो थोडा कमी करावा.

आपला,
एक फ्लॅट श्रोता

ता. क. इअरबडचं रबर कानात सैल बसलं की खालचे सूर फटीतून निसटतात. एक माप मोठं रबर लावलं की कित्येकांना आपली गरजच उरत नाही. जादा मापांची रबरं बहुधा खोक्यातच, त्या न उघडलेल्या छोट्या पिशवीत असतात. ती पिशवी कोणाच्या हाती लागू देऊ नका.