शुक्रतारा, पांढरी चार

मऊ गाणी फार फसवी असतात. भीमसेनजींचे अभंग ऐकताना आपण चहाचा कप हातात धरून नुसती मान डोलावतो, ‘हे आपलं काम नव्हे’ एवढी अक्कल तेव्हा शाबूत असते. पण अरुण दाते गायला लागले की अंघोळीला गेलेल्या प्रत्येक मराठी पुरुषाला वाटतं, अरेच्चा, हे तर मलाही येतं. मला जरा जास्तच वाटलं.

माळा आवरताना निवडक भावगीतांची एक जुनी कॅसेट सापडली. टेपरेकॉर्डर कधीच भंगारात गेला होता, म्हणून तीच गाणी त्याच क्रमाने फोनवर शोधली, आणि पहिलंच लागलं ‘शुक्रतारा’. अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. साठच्या दशकाच्या सुरुवातीचं गाणं, पण कुठे सुरकुती म्हणून नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून दात्यांना साथ देऊ लागलो, हिने कोथिंबीर निवडता निवडता सुधाबाईंची ओळ उचलली, आणि नेमके त्याच वेळी सोसायटीचे सेक्रेटरी मेन्टेनन्सची पावती घेऊन दारात उभे. कोजागिरी तोंडावर आली होती. झालं.

गाणं सोडून बाकी सगळी तयारी मी चोख केली. गच्चीवर माईक हातात येताच सांगून टाकलं, की दाते इंदूरचे, मूळ नाव अरविंद, वडील रामूभैया म्हणजे इंदूरचे नावाजलेले रसिक. मुलगा मात्र टेक्सटाइल इंजिनिअर झाला, तोही आपल्या शेजारी, माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये शिकून. सुधाबाईंचा जन्म दिल्लीचा, १९५९च्या ‘दीदी’ चित्रपटातल्या एका गाण्याला त्यांनी स्वतः चाल लावलेली. कवी मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे, संगीतकार श्रीनिवास खळे बडोद्यात वाढलेले. “म्हणजे बघा,” मी म्हणालो, “एवढ्यांत माहीमचा कोणीच नाही. ती उणीव आज भरून काढतो.” तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी टाळीसुद्धा वाजवली. बिचाऱ्या.

पेटीवर बसलेल्या भाऊंनी विचारलं, “पट्टी कुठली?”

“कुठलीही चालेल.”

भाऊंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मग हिला विचारलं. पांढरी चार ठरली. युगुलगीताची गोम इथेच आहे हो. दोघांना एकाच पट्टीत गायचं असतं, आणि बाईला जी सोयीची ती पुरुषाला एक तर आभाळात नेते, नाही तर तळघरात. दाते गातात तेव्हा अशी काही अडचण जगात असेल अशी शंकाही येत नाही. मी गायलो तेव्हा ती सगळ्या गच्चीला आली.

त्यात चाल खळ्यांची. वरवर ती साधी, सरळ चालल्यासारखी वाटते, आपण निर्धास्त होतो, आणि शब्द संपता संपता ती हळूच एक नाजूक वळण घेते. मी सरळ गेलो. भाऊंची बोटं वळणावर, माझा आवाज पुढच्या सिग्नलला, तबल्यावरचा पोरगा कोणाची वाट पाहावी या विचारात समेवर एकटाच पोचलेला. तरी अंतऱ्याच्या आधी मोठा श्वास घेऊन सगळं सावरायचं मी ठरवलं होतं. गाण्यातला वारा मंद आहे. आमच्या गच्चीवर येतो तो माहीमच्या खाडीवरून, वासासकट. तो पुरता छातीत भरला आणि मला असा ठसका लागला की पुढच्या बाकावरच्या आजोबांनी आपलं मसाला दूध माझ्या हातात दिलं. ते पीत मी बाजूला उभा राहिलो, आणि हिने दात्यांच्या ओळी दात्यांसारख्या, सुधाबाईंच्या सुधाबाईंसारख्या म्हणून गाणं सुखरूप घरी आणलं.

वन्समोअर मिळाला. मला वगळून.

यंदा कोजागिरीला हिचं एकटीचं गाणं ठेवलं आहे, आणि दूध आटवायचं काम कमिटीने एकमताने माझ्याकडे दिलं आहे. तुम्ही जरूर या. साखर कमी पडली तर खुशाल सांगा, फक्त तेवढी गाण्याची फर्माईश माझ्याकडे करू नका.