सर्वांच्या मालकीचा सायकलस्वार

घोड्यावर बसलेल्या मनुष्यास लोक मुजरा करीत, मोटारीत बसलेल्यास वाट देतात आणि पायी चालणाऱ्याची दखलही घेत नाहीत. परंतु सायकलवर बसलेला मनुष्य दृष्टीस पडताच त्याच्यावर आपला काही वंशपरंपरागत हक्क असल्याचा साक्षात्कार प्रत्येकास होतो, हा सिद्धांत मी एरंडवण्यातील बिऱ्हाडापासून पुणे स्टेशनानजीकच्या एका सरकारी कचेरीपर्यंतचा सुमारे ३ मैलांचा रस्ता २१ वर्षे तुडवून प्रस्थापित केलेला आहे. माझे वाहन म्हणजे एका सेवानिवृत्त मास्तरांकडून हप्त्याने घेतलेले, २४ इंची सांगाड्याचे, चांगले अर्ध्या मणाचे धूड होते. त्याचा कर महापालिकेत भरला की बिल्ला मिळे. त्यामुळे दरसाल बिल्ला नवा होई आणि सायकल जुनी होई.

पहिल्याच आठवड्यातील गोष्ट. लकडी पुलावरून, म्हणजे ज्या पुलात आता औषधालाही लाकूड उरलेले नाही त्या पुलावरून, मी धोतराचा सोगा सावरीत चाललो असता चौथी-पाचवीतील एका मुलाने अत्यंत कळकळीने हाक मारून सांगितले, "काका, मागचं चाक फिरतंय!" परोपकारी बालकाची सूचना अव्हेरणे मला प्रशस्त वाटेना. मी तत्काळ उतरलो, वाकून चाकाची तपासणी केली, तो ते मुळीच फिरत नव्हते! दोष परस्पर दूर झाल्याच्या समाधानात मी त्या मुलाचे आभार मानले आणि पुढे डेक्कनवरून आलेल्या दहा-बारा सायकलस्वारांच्या चेहऱ्यांवरील हास्याचा अर्थ लावण्यात कचेरीपर्यंतचा सगळा वेळ घालविला. त्या दिवशी हजेरीपटावर माझ्या नावापुढे पहिली लाल खूण झाली.

मुलांचा हक्क केवळ शब्दांपुरता असतो. वडीलधाऱ्यांचा हँडलपर्यंत पोहोचतो. आमच्या आळीतील आप्पा दर गुरुवारी सव्वादहाच्या सुमारास पुलाच्या तोंडाशी उभे असत आणि मी दिसताच, पळून जाणाऱ्या वासराचे दावे धरावे तशा सहजतेने, हँडल धरीत. "काय, कचेरी वाटतं?" हा त्यांचा प्रश्न. सकाळी सव्वादहा वाजता डबा लटकावून धापा टाकीत जाणारा कारकून काशीयात्रेस निघालेला नसतो, हे त्यांनाही ठाऊक होते. परंतु उत्तर मिळाल्याखेरीज हँडल सोडण्याचा प्रघात नव्हता. एक पाय जमिनीवर आणि दुसरा पायडलवर अशा त्रिशंकू अवस्थेत मी त्यांच्या संधिवाताचा इतिहास, धाकट्या चिरंजीवांच्या बदलीचा अर्ज आणि तांदळाचा भाव, या क्रमाने ऐकून घेई. शेवटी ते म्हणत, "तुम्ही जाताच आहात, तर सिटी पोस्टापर्यंत सोडा." आणि माझ्या संमतीची वाट न पाहता कॅरिअरवर स्थानापन्न होत.

डबलसीट हा त्या काळी गुन्हा होता, आणि आप्पा कायद्याचे मोठे अभिमानी. चौकातला पोलीस वीसेक पावलांवर आला की ते मला थांबवून उतरत, उपरणे सारखे करीत, माझ्याशी जन्माची ओळख नसल्याच्या मुद्रेने चौक पायी ओलांडीत आणि पलीकडच्या कोपऱ्यावर, कायद्याची हद्द संपली असे समजून, पुन्हा बैठक मारीत. हा विधी वर्षानुवर्षे बिनतक्रार चालला. एका गुरुवारी मात्र हात आडवा धरून उभ्या असलेल्या त्या पोलिसाने मानही न वळवता सांगितले, "आजोबा, चढताना जरा जपून. मागल्या खेपेला पडत होतात."

या सर्व मालकांत सायकलचा खरा धनी म्हणजे पंक्चरवाला. तो ट्यूब बाहेर काढून घमेल्यातील पाण्यात वीतवीत बुडवी, आणि बुडबुडा आला की नाडी सापडलेल्या वैद्यासारखा माझ्याकडे पाही. मग तेथे बोट दाबून, ट्यूब पुसून, पेन्सिलीने खूण करून, "एक झालं," असे म्हणे. त्या "एक झालं" मध्ये पुढील दोहोंचे भाकीत असे. हवेच्या टायरचे पेटंट १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप नामक जनावरांच्या डॉक्टराने घेतले आणि त्याने तो प्रथम बेलफास्टमध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तयार केला, हे माझ्या वाचनात आले, तेव्हा भर रस्त्यात बसकण मारण्याचा गुण या वस्तूत कोठून उतरला, याचा मला उलगडा झाला.

कचेरीत उशिराबद्दल लेखी खुलासा द्यावा लागे, आणि ३ लेटमार्क झाले की एक किरकोळ रजा कापली जाई. खुलाशात आप्पांचा संधिवात लिहिणे शक्य नसल्याने मी "मार्गात पंक्चर झाल्यामुळे" हे वाक्य कायम केले होते. एकदा साहेबांनी फाईल समोर ओढून विचारले, "तुमची सायकल दर गुरुवारीच कशी पंक्चर होते?" मी नम्रपणे खाली पाहिले. "टायर बदला," असे फर्मान सुटले. टायर तर आदल्याच आठवड्यात बदलला होता. बदलायला हवे होते ते आप्पा, आणि ते सुट्या भागांच्या दुकानात मिळत नाहीत.

तेव्हा वाचकांस एवढीच विनंती की, उद्या सकाळी पुलावर एखादा सायकलस्वार घाईने जाताना दिसला, तर त्याला थांबवून "उशीर झाला का?" असे कृपा करून विचारू नये. झालेला नसला, तरी विचारल्याने होतो.