बारा आर, अडीचशे कोटी

माझ्यावर कोणीतरी पाळत ठेवून आहे, ही कल्पना मला फार सुखावते. महाविद्यालयात मराठी शिकवत होतो तेव्हा पहिल्या बाकावरच्यांनीही माझ्याकडे इतकं लक्ष दिलं नव्हतं. निवृत्तीनंतर तर मी काय बोलतो याची दखल घरातही बंद झाली. अशात एकदा मुलगा म्हणाला, "बाबा, जरा जपून बोलत जा. मोबाईल ऐकतो म्हणतात." मला गहिवरून आलं. रात्री मोबाईल उशाशी घेतला आणि मर्ढेकरांच्या नवकाव्यावर पाऊण तास बोललो. सकाळी त्याने गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात दाखवली. माझे विद्यार्थीही हेच करायचे. प्रश्न नवकाव्यावर, उत्तर भलतंच.

आपली माहिती विकली जाते, हे कळल्यावर लोक घाबरतात. मी विचारलं, "कितीला?" माझा कवितासंग्रह किलोवर गेला होता, तेव्हा माझ्या कशाला तरी गिऱ्हाईक आहे ही बातमी मोठीच होती.

या मोठेपणाला पहिला तडा गेला तो फोन कोणाचा आला हे सांगणाऱ्या एका अ‍ॅपमुळे. असली अ‍ॅपं आपलं नाव बऱ्याचदा आपल्याला विचारत नाहीत. ज्यांच्या मोबाईलमध्ये आपण साठवलेले असतो, ते आपल्याला काय म्हणतात तेच उचलतात. पुतणीच्या मोबाईलवर मी माझा नंबर टाकून पाहिला. 'प्रा.' येईल याची खात्री होती. 'ज्येष्ठ साहित्यिक' आलं असतं तर मी नको म्हणालो नसतो. आलं ते असं: 'लेखक उचलू नोको'. हा रसिक कोण, ते आजवर कळलेलं नाही. 'नोको'वरून माणूस आपल्याच भागातला, एवढाच तपास लागला.

त्या दिवसापासून मी खासगीपणाचा विचार गंभीरपणे करू लागलो.

आता खासगीपणा हे काही वऱ्हाडच्या मातीतलं पीक नव्हे. बडनेऱ्याहून अकोल्याला पॅसेंजरने निघा. समोरचा माणूस गाडी हलायच्या आत विचारतो, "कुठी चाल्ले?" अकोल्याला म्हटलं की, "सासुरवाडी?" कुरूम येईपर्यंत आडनाव आणि मूळ गाव गेलेलं असतं. मान्याला नोकरी कुठे होती आणि संस्थेचे अध्यक्ष कोण. मूर्तिजापूरला पेन्शन. काटेपूर्ण्याला मुलाचं लग्न का रखडलं. बोरगावला साखर, उपाशीपोटी किती आणि जेवल्यावर किती. अकोल्याला उतरताना तो माझी पिशवीही खाली देतो आणि वर सांगतो, "मेथीदाणे चालू करा."

पण तोवर त्यानेही आपलं सारं सांगून टाकलेलं असतं: धुऱ्यावरून भावाशी चाललेली केस, हर्निया, घरजावई व्हायला निघालेला मुलगा. त्याने माझी साखर नेली तर मी त्याचा हर्निया आणला. वऱ्हाडात माहिती उधार मिळत नाही, रोखीने मिळते.

दुकानात नेमकं हेच होत नाही. मध्यंतरी एका मोठ्या दुकानात दोन बनियनं घेतली. काउंटरवरच्या मुलाने मोबाईल नंबर विचारला. मी म्हणालो, "आधी तुझ्या मालकाचा दे." तो म्हणाला, नंबर टाकल्याशिवाय बिलच निघत नाही. नंबरासाठी गिऱ्हाइकाची अडवणूक करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं आहे. हे मी त्याला साल सांगून, खड्या आवाजात सांगितलं. रांगेतून मागून कोणीतरी म्हणालं, "देऊन टाका ना काका, तुमाले कोन फोन कराले बसलं!"

आधार कार्डाचीही हीच कथा. २०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने सांगितलं की, आधारची प्रत कोणालाही देत सुटू नका. फक्त शेवटचे चार आकडे दिसतील असं झाकलेलं आधार वापरा. दोनच दिवसांत सरकारने ही सूचना मागे घेतली आणि नेहमीची सावधगिरी पुरे, असं म्हटलं. झाकलेल्या आधारची सोय मात्र आजही आहे. मी ते डाऊनलोड करून झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "सर, नंबर उमटून नाई राह्यला. मशीन खराब झाली का काय." मी त्याला गोपनीयता समजावली. त्याने मान हलवली आणि माझ्या पैशांचा हिशोब एका बिघडलेल्या प्रतीच्या पाठीवर मांडला. कागद उलटून पाहिला. कोणाचं तरी आधार होतं, बाराच्या बारा आकड्यांसह.

अशा वेळी मी सर्वोच्च न्यायालयाकडे वळतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हा निकाल ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते न्या. पुट्टस्वामी २०१२ मध्ये याचिका घेऊन गेले तेव्हा ८६ वर्षांचे निवृत्त न्यायाधीश होते. आमचं अमरावतीच्या छत्री तलावावरचं सकाळच्या फिरण्याचं मंडळ वयाने त्यांच्यापेक्षा तरुण आहे. आमची एकमेव याचिका बाकाला पाठ बसवून देण्याबद्दल आहे आणि तीही सहीअभावी पडून आहे. नऊ जणांत आपले न्या. शरद बोबडे होते. ते नागपूरचे. नागपूर म्हणजे वऱ्हाड नव्हे, हे आम्ही एरवी हिरिरीने सांगतो. असा निकाल आला की तेवढ्यापुरतं नागपूर वऱ्हाडात घेतो. त्यांनी दाखला दिला आहे की, घरातल्यांचा आडोसा राहील असं घर कसं बांधावं हे गृह्यसूत्रांत सांगितलं आहे आणि मालकाच्या संमतीविना परक्याच्या घरात शिरायला अर्थशास्त्रात मनाई आहे. आमच्या गल्लीत शेजारी आधी स्वयंपाकघरात पोचतो, झाकण उघडून भाजी कोणती ते पाहतो आणि मग विचारतो, "हायेत का भाऊ घरी?" कौटिल्याची बदली अमरावतीला कधी झाली नसावी.

पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना दीड वर्षाची मुदत मिळाली. माहिती सांभाळण्यात कसूर करणाऱ्या कंपनीला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माहिती मागताना ती कशासाठी, हे इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी आपल्याला हव्या त्या भाषेत सांगावं लागेल. मराठी त्यात आहे. वऱ्हाडी असती तर काम सोपं झालं असतं. "तुमचा नंबर घेऊन राह्यलो, चालन का?" असं कोणी विचारलं असतं तर मी बायकोचाही देऊन टाकला असता.

कायद्यावरून आठवलं, थोडं विषयांतर करतो. थोडं म्हणतोय, पण परिचय पुस्तिका हा थोडक्यात आटोपण्याचा विषय नाही.

समाज कोणताही घ्या, अमरावती-अकोल्यात उपवर-वधू परिचय मेळावा भरतो आणि त्याची गुळगुळीत कागदावरची पुस्तिका निघते. जन्मतारीख, जन्मवेळ मिनिटासकट, उंची, रक्तगट, नाडी, मामेकूळ, पगार, घर स्वतःचं की भाड्याचं, आणि शेवटी बापाचा मोबाईल नंबर. वर्णाच्या रकान्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ. सावळा माणूस मी या पुस्तिकेत अजून पाहिलेला नाही. अकोल्याच्या मे महिन्यात एवढे गोरे लोक कुठे लपतात, देव जाणे. 'अपेक्षा' हा रकाना मी वाङ्मय म्हणून वाचतो. मुलीकडच्यांची अपेक्षा: मुलगा नोकरीवाला, शेती असावी. म्हणजे शेती असावी, पण ती करणारा नसावा. वऱ्हाडाच्या अर्थकारणावर याहून नेमकं वाक्य मी वाचलेलं नाही.

मेळावा संपला की पुस्तिका हिंडू लागते. एकदा एका गाड्यावर गिला वडा घेतला. खालच्या कागदावर एका एम.टेक. मुलीची जन्मवेळ होती, आणि पगाराच्या आकड्यावर चटणी पसरली होती. त्या मुलीची माहिती त्या चटणीएवढी कोणीच झाकली नसेल.

मी तिरीमिरीत कायदा उघडला. तर तो म्हणतो, माहिती डिजिटल हवी, किंवा कागदावरची मागून डिजिटल केलेली तरी हवी. म्हणजे पुस्तिका सुटली. बरं, तिचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात त्याचं काय? तर एखाद्या व्यक्तीने घरगुती कारणासाठी माहिती वापरली, तर तिथे कायदा लागू नाही. लग्न जुळवण्याहून घरगुती कारण कोणतं? थोडक्यात, अडीचशे कोटींना अमेरिकेतल्या कंपन्या घाबरतील. अकोल्याच्या जठारपेठेतल्या मावशीने घाबरायचं कारण नाही.

ही मावशी म्हणजे माझ्या पुतणीच्या आईची बहीण. पोरीचा बायोडाटा तिने 'फक्त एकाच ठिकाणी' पाठवला. तो बुलढाण्याहून परत आमच्याकडेच आला, खाली 'योग्य स्थळ असल्यास पुढे पाठवा' असं लिहून. पुण्यात नोकरी करणाऱ्या पोरीला अनोळखी पुरुषांचे रात्री-बेरात्री मेसेज यायला लागले. एकाने नुसता अंगठा पाठवला. तिला नंबर बदलावा लागला. बँक, ऑफिस, गॅस, सगळीकडे नव्याने अर्ज. मावशी म्हणाली, "त्याच्यात काय झालं? चांगला फोटो होता." विनोदी लेखक असूनही मला त्यावर बोलता आलं नाही.

आणि सातबारा तर सर्वांसाठी खुलाच आहे. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर विभाग अमरावती निवडा, मग जिल्हा, तालुका, गाव. नाव टाकलं तरी चालतं. दुसऱ्याची जमीन पाहायला फक्त आपला मोबाईल नंबर द्यावा लागतो. सोयरीक ठरवणाऱ्यांना आता गावात जाऊन पानटपरीवर चौकशी करावी लागत नाही. त्या पानावर 'इतर हक्क' असा रकाना असतो. बँकेचा बोजा त्यात आकड्यासह लिहिलेला असतो. तो उघड असण्याला कारण आहे, जमीन घेणारा फसू नये. ते मला मान्य आहे. २०२० च्या फेब्रुवारीत कर्जमुक्तीच्या याद्या बँकेत आणि चावडीवर लागल्या, त्यालाही कारण होतं. लोक यादीत आपलं नाव शोधत होते, आणि शेजाऱ्याचंही.

माझा एक विद्यार्थी मूर्तिजापूर तालुक्यात शेती करतो. कर्ज बापाने काढलेलं. बाप गेला, जमीन पोराच्या नावावर आली, तिच्यासोबत बोजाही. मुलीकडचे पाहुणे बैठकीत बसले होते. त्यांच्यातल्या एकाने तिथेच मोबाईलवर सातबारा उघडला आणि शेजारच्याला दाखवला. चहा पिऊन सगळे उठले. तो मला म्हणाला, "सर, मी सांगनारच होतो. चहा झाल्यावर सांगनार होतो."

कर्ज लपवायचं नव्हतं त्याला. ज्या भागात कर्जापायी माणसं गेली, तिथे ते आपल्या तोंडाने, चारचौघांत, मान खाली न घालता सांगणं याला छाती लागते. त्याने ती तयार ठेवली होती. पाहुण्यांनी त्याची पाळी येऊच दिली नाही. नऊ न्यायमूर्तींनी दिलेला हक्क शेवटी इतकाच असावा, की माझी गोष्ट आधी मी सांगेन. पॅसेंजरमधल्या माणसाला मी साखर सांगतो, पण सांगतो मी.

पुतणीने यावर आपला नियम काढला. ज्याला तिचा बायोडाटा हवा, त्याने आधी आपला पाठवायचा: पगाराची पावती, कर्जाचे हप्ते, सातबारा, आजार, सगळं. मावशी हादरली. "मुलाकडच्यानं? आधी?" स्थळांची रीघ एकदम थांबली. एक अंगठाही येईना. मग अकोल्याच्याच एका घराने खरोखर सगळं पाठवलं. मुलाचं गृहकर्ज, आईचा थायरॉईड, शेतीवरचा बोजा, आणि वर्णाच्या रकान्यात 'सावळा'. मी तर कागद वाचूनच होकार द्यायला निघालो होतो. शेवटी नम्र विनंती होती: आपल्याकडचाही सातबारा पाठवावा.

इथे मला घाम फुटला. कारण उभ्या नोकरीत मी स्टाफरूममध्ये सांगत आलो आहे की, आमची दर्यापूरकडे शेती आहे. पाऊस लांबला की खिडकीतून आभाळाकडे पाहून मी सुस्कारा टाकायचो. खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी खारं, यावर माझं एक छोटं व्याख्यानच तयार होतं. सहकारी मला जमीनदार समजायचे, मी त्यांचा गैरसमज जपायचो. प्रत्यक्षात खातं सामाईक. आजोबांच्या त्या तुकड्यावर काका, चुलतभाऊ, लग्न होऊन गेलेल्या आत्या धरून नावांची रांग आहे, आणि माझ्या वाट्याला येतात ते बारा आर. एकराचा तिसरा हिस्साही नाही.

मी पुतणीला म्हणालो, "हे बघ, जमिनीसारखी नाजूक बाब अशी ऑनलाईन पाठवू नये. खासगीपणा म्हणून काही आहे की नाही?" ती म्हणाली, "काका, त्यांनी केव्हाच पाहिला असेल. रीत म्हणून मागितलाय."

संध्याकाळी मुलाच्या वडिलांचा फोन आला. त्यांनी तो मलाच केला, यावरून माझा नंबर त्यांच्याकडे योग्य त्या नावाने साठवलेला असावा असं वाटून बरं वाटलं. म्हणाले, "सर, सातबारा पायला. एक गोष्ट चांगली हाय, तुमच्यावर बोजा नाई." मी नम्रपणे म्हणालो, कर्ज काढणं आमच्या घराण्यात नाही.

"हाव ना," ते म्हणाले, "बारा आरावर देते तरी कोन!"

तेव्हापासून मी खासगीपणाचा कट्टर पुरस्कर्ता आहे. कायदा उशाशी घेऊन झोपतो. बारा आरांना लागू पडेल असं कलम अजून सापडलेलं नाही.