बुडबुड्याची चौकशी: होतकरू संशोधकांसाठी
साहित्य: एक स्टोव्ह, एक पातेलं, पाणी आणि रसायनशास्त्रात ऐंशीच्या वर गुण असलेली बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी. नापास मुलगा घेऊ नका. त्याला काही येत नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. त्यात संशोधन ते कसलं?

जोयडा तालुक्यातली मुलं रसायनशास्त्र कशी शिकतात, हा विषय तुम्ही घेतला आहे असं धरून चालतो. आधी निकालपत्रक कपाटात घालून कुलूप लावा. पाणी तासभर खळखळू द्या आणि विचारा, ‘या बुडबुड्यांत काय आहे गं?’ मग गप्प बसा. हीच पायरी सर्वांत अवघड. दुसऱ्याचं वाक्य पुरं केल्याशिवाय मास्तराला चैन पडत नाही. तोंडात सुपारी धरावी.

‘हवा’ असं उत्तर आलं तर लिहून घ्या. ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन’ असं आलं तर हसू नका. पोरगी अभ्यासू आहे. सूत्र पाठ आहे म्हणून तर तिने पाणी फोडलं. चुलीवर पाण्याचे रेणू असे फुटत असते, तर रामनगरच्या स्टँडवरची चहाची टपरी पहिल्याच आधणाला उडाली असती. बुडबुड्यात असते पाण्याचीच वाफ.

तालुका मागास म्हणून अहवालात सुस्कारे टाकू नका. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जॉर्ज बॉडनर यांनी हाच प्रश्न रसायनशास्त्रात पुढचं संशोधन करायला नव्याने आलेल्या पदवीधरांना विचारला होता. हवावाले तिथेही निघाले आणि हायड्रोजनवालेही.

आता कागद-पेन्सिल द्या. पोलादी टाकीत २० अंशांवर हायड्रोजन भरलाय, रेणू म्हणजे ठिपके. तापमान उणे २० वर आणलं तर ठिपके कुठे असतील, काढ. हा प्रश्न नुरेनबर्न आणि पिकरिंग यांचा, १९८७ सालचा. वायुनियमांची गणितं धडाधड सोडवणारी बरीच मुलं असल्या चित्रांपाशी अडखळली. तुमच्याकडेही ठिपके शेकोटीभोवती बसल्यासारखे एका कोपऱ्यात गोळा झालेले दिसतील. खरं तर ते पहिल्यासारखेच टाकीभर पसरलेले राहतात, कमी होतो तो दाब. हायड्रोजनचा द्रव व्हायला उणे अडीचशेच्या आसपास जावं लागतं; डिसेंबरातल्या अणशीचं ते काम नव्हे.

कारण शोधताना ग्लासगोच्या ॲलेक्स जॉन्स्टन यांचं नाव घ्यावंच लागेल, पण त्याआधी कोकमाचं आगळ घ्या. चिमूटभर खायचा सोडा टाका, लाल रंग पालटतो. सर एका दमात रंग दाखवतात, न दिसणाऱ्या आयनांबद्दल बोलतात आणि फळ्यावर समीकरणही लिहून मोकळे होतात. जॉन्स्टन म्हणतात, या तीन वेगळ्या पातळ्या. तिन्ही एकदम पेलतील एवढी जागा नवख्याच्या डोक्यात नसते. मग पोरगी दोन सोडून देते आणि समीकरण जर्नलात उतरवते. गुण त्यालाच असतात ना! यात तिची चूक मला तरी दिसत नाही.

मुलाखत इंग्रजीत घेऊ नका. घरी कोकणी, शाळेत कन्नड, बाजारात मराठी, असं असताना इंग्रजीत विचारलंत तर ती पुस्तकातली व्याख्या म्हणून दाखवील आणि ती तंतोतंत बरोबर असेल. तिथेच तुमचं संशोधन बुडालं.

निबंध झाला की मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या ‘एपिस्टीम’ परिषदेचा विचार करा. पहिली परिषद २००४ साली गोव्यात भरली होती. तशी पुन्हा भरली तर अनमोड घाट उतरला की झालं, प्रवासभत्त्याचा अर्ज फेटाळला तरी परवडतं.

शेवटचं. अभ्यासाला तुलनेसाठी दुसरा गट लागतो, म्हणून बुडबुड्याचा प्रश्न स्टाफरूममध्येही विचारावा. सुरुवात विभागप्रमुखांपासून करणं रीतीला धरून होईल. मात्र नोकरीत कायम झाल्याची ऑर्डर हातात पडेपर्यंत ही पायरी पुढे ढकलावी.