नाग नदीच्या खोऱ्यात

नागपूरच्या इतवारीत पायी चालणाऱ्यांचा तोटा नाही. किराणा ओळीत पोती घेऊन हमाल चालतात, सराफ्यात लग्नाच्या खरेदीला निघालेली अख्खी कुटुंबं चालतात, आणि या सगळ्यांच्या मधून हातठेले, स्कूटरी आणि कोणालाच न जुमानणारी एखादी गाय चालते. पण काही काम नसताना चालणारा माणूस इथे कोणी पाहिलेला नाही. तो दाखवायची जबाबदारी मी घेतली, आणि त्याला कारण माझा भाचा.

भाचा इंग्लंडात असतो. तिथे म्हणे रविवारी लोक गावाबाहेर पडतात, नदीच्या खोऱ्यातून चालतात, वाटेत एखादं जुनंपुराणं खेडं बघतात आणि गोल फिरून निघाले तिथेच परत येतात. त्याला ‘सर्क्युलर वॉक’ म्हणतात. त्यानं पाठवलेल्या फोटोत तो कुंपणावर एक पाय ठेवून उभा होता, मागे मेंढ्या. ‘मामा, तुमच्याकडे असं काही नाही,’ असं त्यानं कुठेही लिहिलं नव्हतं, पण मला ते स्पष्ट वाचता आलं.

आमच्याकडे काय नाही? एका जुन्या खेड्याचं काय कौतुक सांगता! देवगडच्या बख्त बुलंद शहानं 1702 साली बारा खेडी जोडून नागपूर वसवलं. डझनभर खेडी आहेत आमच्यात. एकमेकांत मिसळल्यामुळे नेमकी दाखवता येत नाहीत, एवढंच. आणि नदी म्हणाल तर शहराचं नावच तिच्यावरून. आता नदी म्हटली की खोरं असणारच. मी वहीच्या पानावर मार्ग आखला: शहीद चौक, चिटणीस पार्क, महाल, गांधी गेट, अशोक चौकाजवळचा पूल, तिथून नदीच्या काठाकाठानं जगनाडे चौक, मग उत्तरेला वळून मस्कासाथवरून घर. बायकोनं तो गोल निरखून पाहिला आणि विचारलं, “गंज उपडा ठेवून काढला का?”

पांढरे नवे बूट, फेल्ट हॅट, पाठीवर पिशवी आणि हातात काठी, अशा थाटात निघालो. नेहरू पुतळ्यापर्यंत पोचलो नाही तोच एका पोरानं ओरडून विचारलं, “काका, पोळा तं झाला, आता काऊन बडग्या काढला?” तिथल्या चौकात दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत, बडग्यांच्या पुतळ्यांसह, काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात आणि हजारो लोक पाहायला लोटतात. मला तितकी गर्दी जमली नाही, पण जमली ती मनापासून आली होती.

खरा अडथळा प्रेमाचा. “कुठी चालले?” “फिरायला.” “हाव, पण कोणाकडे?” “कोणाकडे नाही, गोल फिरून परत येणार.” यावर समोरचा माणूस आवाज खाली आणून म्हणायचा, “शुगर निघाली का?” चिटणीस पार्काजवळ आमच्या गल्लीतल्या भाऊंनी अ‍ॅक्टिव्हा आडवी घातली. “गाडी बिघडली तं फोन नाही करायचा का? बसा.” मी खोऱ्याबद्दल सांगू लागलो. ते म्हणाले, “खोरं-फावडं उद्या आणू, आधी बसा.” दहा मिनिटांत त्यांनी मला माझ्या दारात आणून सोडलं. गोल पूर्ण झाला होता, फक्त नदी राहिली होती.

पुन्हा निघालो ते गल्लीबोळांतून, वसुली चुकवणाऱ्या कर्जदारासारखा. गांधी गेट म्हणजे जुना जुम्मा दरवाजा. बख्त बुलंदचा मुलगा चांद सुलतान यानं शहराला कोट बांधला, त्यातलं हे दार. भोसले आले, गेले, इंग्रज आले, गेले. दार उभं आहे. मी त्याकडे इतिहासाच्या नजरेनं बघत असताना मागून हॉर्न वाजले, म्हणून पुढे सरकलो आणि तर्री पोह्याच्या ठेल्यावर येऊन थांबलो. या मुक्कामाचं वर्णन करत नाही. दुसरी तर्री घेतली एवढं सांगितलं की पुढचा वेग लक्षात येईल.

पुलावर उभ्या एकाला विचारलं, “नदीच्या काठानं जायला वाट कुठून आहे?” त्यानं आधी मला पाहिलं, मग खाली पाहिलं. “कोन्त्या नदीच्या?” या नदीच्या शुद्धीकरणाची योजना सुमारे 2,000 कोटींची आहे, त्याला ती पैशांवरूनही ओळखता आली नाही. शेवटी एका पडक्या भिंतीशेजारून म्हैस खाली उतरताना दिसली. जिथे म्हैस जाते तिथे वाट असते, या समजुतीनं मीही तिच्यामागे उतरलो. म्हैस मात्र खालच्या चिखलात कुठे पाय टाकायचा ते जाणून होती.

गुडघ्यापर्यंत रुतलो. काठीचा आधार घेतला, ती माझ्याआधी आत गेली. म्हैस बाहेर येऊन बघत उभी राहिली. दोन पोरांनी हात धरून ओढलं, तेव्हा मी वर आलो आणि डावा बूट सुटून प्रवाहाला लागला. काळ्या पाण्यावर पांढरा बूट फार उठून दिसत होता. शाळेतला भूगोल आठवला: नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. म्हणजे बूट आता गोसीखुर्दच्या धरणात जाणार, आणि दरवाजे उघडे मिळाले तर प्राणहितेतून गोदावरीत आणि थेट बंगालच्या उपसागरात. मी आखलेल्या मार्गापेक्षा त्याचा मार्ग कितीतरी मोठा होता. त्याला परत यायचंही नव्हतं.

यानंतर सर्क्युलर वॉकला जी शिस्त आली, ती आधी नव्हती. पहिला ऑटोवाला थांबला, त्यानं श्वास घेतला आणि निघून गेला. दुसरा थांबलाच नाही. ई-रिक्षातल्या बाईंनी पदर नाकाला लावून मला मनापासून आशीर्वाद दिला, तो लांबून. “कुठी चालले?” असं कोणीही विचारलं नाही. ग्रेट नाग रोड, जगनाडे चौक, सेंट्रल अ‍ॅव्हेन्यू, सगळं ठरल्याबरहुकूम, एका पायात बूट आणि दुसऱ्यात चिखल घालून, एकही टप्पा न गाळता चाललो.

मस्कासाथजवळ भाऊंची अ‍ॅक्टिव्हा समोरून आली. मी हात केला, जरा घाईनंच. त्यांनी ब्रेक दाबला, गाडी चार हात अलीकडेच थांबवली आणि मला पायापासून हॅटपर्यंत पाहिलं.

“भाऊ, घरी सोडता का?”

“नाही नाही,” ते घाईघाईनं गाडी वळवत म्हणाले, “तुम्ही फिरायला निघाले ना? फिरा.”