हसतमुख माणूस पाहिजे

आमच्या मेहुण्याचं नाशकात हॉटेल आहे. मागे लॉन, वर-खाली दोन हॉल. त्याचा इव्हेंट कोऑर्डिनेटर ऐन लग्नसराईत आईच्या आजारपणाची रजा टाकून गेला, तो थेट दुसऱ्या हॉटेलच्या फोटोत, दुसऱ्या रंगाच्या कोटात, तितकाच हसताना दिसला. "दाजी, तुम्ही लिहिता ना? मग एक जॉब डिस्क्रिप्शन लिहून द्या," मेहुण्याने फर्मावलं. सासुरवाडीत माझ्या लेखणीची मजल तोवर पत्रिकेतल्या "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" या ओळीपुढे गेली नव्हती. मी तत्काळ होकार दिला.

नमुना म्हणून त्याने कुठल्याशा मोठ्या हॉटेलची जाहिरात दिली. उमेदवार उत्साही, स्वयंप्रेरित, एका वेळी अनेक कामं पेलणारा आणि वेगवान वातावरणात रमणारा हवा. हे वर्णन पोलीस भरतीलाही चालेल आणि वरातीच्या घोडीलाही. वेगवान वातावरण म्हणजे नेमकं काय, याचा खुलासा त्यात नव्हता. म्हणून मुहूर्ताचा दिवस बघून मी सकाळपासून हॉटेलातच मुक्काम ठोकला.

लॉनवर संध्याकाळच्या लग्नाचा मांडव सजत होता. वरच्या हॉलमध्ये बियाण्यांच्या कंपनीची डीलर मीट होती. खालच्या हॉलमध्ये एका आजोबांच्या गंधमुक्तीचं जेवण होतं. मरण काही मुहूर्त बघून येत नाही, त्यामुळे हे तिन्ही एकाच तारखेला येणं हॉटेलात नवलाचं नाही. तात्पुरता कारभार बघणारा कॅप्टन वर गेला की "या या सर!" करून हसायचा, खाली आला की हात जोडून मान खाली घालायचा. जिन्याच्या मधल्या वळणावर तो चेहरा बदलायचा, हे मी वेताच्या खुर्चीत बसून नीट पाहिलं. उतरताना हसू नेमकं त्या वळणावरच्या कुंडीपाशी मावळायचं, चढताना तिथेच उगवायचं. मी वहीत पहिली अट लिहिली: चेहरा जिन्यात बदलता आला पाहिजे.

दुपारी गोंधळ झालाच. चार डीलर चुकून गंधमुक्तीच्या पंगतीला बसले, पोटभर जेवले आणि जाताना कॅप्टनला म्हणाले, "यंदा कंपनीनं स्टार्टर बंद केले वाटतं?" उलट आजोबांचे दोन पाहुणे वरून कंपनीची टोपी आणि पिशवी घेऊन उतरले. एकाने टोपी घातलीही होती. कॅप्टनने ती परत मागितली नाही. हा माणूस नोकरीवर कायम करावा असं मला तेव्हाच वाटलं होतं, पण तो म्हणाला, "नको साहेब, मी कॅप्टनच बरा. आम्हाला फक्त शिव्या बसतात, कोऑर्डिनेटरला त्या लिहून घ्याव्या लागतात."

लिहून घेण्याचं हे प्रकरण महत्त्वाचं आहे. हॉटेलात प्रत्येक कार्याचा एक 'एफपी' निघतो, म्हणजे फंक्शन प्रॉस्पेक्टस. कार्य कुठलं, किती वाजता, माणसं किती, मेनू काय, खुर्च्या थिएटरसारख्या की यू आकारात, माइक किती, बिल कुणाच्या नावे. त्याच्या प्रती किचन, हाउसकीपिंग, मेंटेनन्स, सिक्युरिटी, अकाउंट्स अशा सगळीकडे जातात. हा कागद चोख असला की निम्मे तंटे होतच नाहीत. उरलेले निम्मे कागदावर घालता येत नाहीत. नवऱ्या मुलाचे दोन काका वाटणीपासून बोलत नाहीत, त्यांची तोंडं एकमेकांना दिसता कामा नयेत. मोठ्या आत्यांना माइकवर नाव पुकारूनच स्टेजवर बोलवायचं. विहीणबाईंचे गुडघे दुखतात म्हणून खुर्ची हवी, पण गुडघ्यांचा उल्लेख नको. यासाठी एफपीत रकाना नाही. हे सगळं बुकिंगच्या दिवशी चहा पिता पिता काढून घ्यावं लागतं, आणि तेही समोरच्याला आपण चौकशी करतोय असं न वाटता.

मग येतो पानांचा हिशेब. आधी गॅरंटी ठरते. समजा तीनशे. यजमान म्हणतो, "तीनशेच्या वर जाणारच नाही." प्रत्यक्षात घोडीबरोबरच दीडशे येतात. रात्री शेवटी कॅप्टन आणि मुलीचे मामा रचलेल्या प्लेटांपाशी उभे राहतात आणि देशाचं बजेट मांडल्यासारखी मोजणी सुरू होते.

"आमची तीनशेच पानं उठली."

"मामा, प्लेटा चारशे वीस आहेत."

"एकेकानं दोन घेतल्या असतील."

"पोरांची अर्धी धरलीय मामा."

"मग हा धरला का?" असं म्हणत मामा ज्याला पुढे करतात त्याला मिसरूड फुटलेलं असतं.

यादी आणि पानं तंतोतंत जुळली असा एकच काळ मेहुण्याला आठवतो. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारचा आदेश होता: लग्नाला जास्तीत जास्त २५ माणसं, एकाच हॉलमध्ये, दोन तासांत, नाहीतर ५०,००० रुपये दंड. लग्न दोन तासांत आणि २५ माणसांत उरकतं, हे सरकारने सिद्ध करून दाखवलं. समाजाने ते तातडीने विसरून दाखवलं.

रात्री दहाचा प्रसंग तर मी कादंबरीत घातला तरी कुणी खोटा म्हणणार नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. उघड्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सरकारने सूट दिलेले वर्षातले मोजके दिवस सोडले तर यात पळवाट नाही. लग्न गोरज मुहूर्ताचं, म्हणजे अक्षता पडल्या सातच्या सुमारास. पण मित्रमंडळींना खरी रंगत चढते ती पावणेदहाला. "शेवटचं एक गाणं" हे वाक्य मी त्या रात्री इतक्या वेळा ऐकलं की ते मंगलाष्टकांतलंच एक कडवं वाटायला लागलं. कॅप्टन डीजेच्या टेबलापाशी गेला. भांडला नाही, घड्याळ दाखवलं नाही. नाचणाऱ्यांतल्या सगळ्यांत धिप्पाड मुलाच्या कानात म्हणाला, "दादा, माझं काही नाही, पण चौकीत नाव नवरदेवाचं लिहितात." दोन मिनिटांत डीजे बंद. त्या धिप्पाड मुलानेच वायर काढली. मी वहीत दुसरी अट लिहिली: नाही म्हणता यावं, आणि समोरच्याला ते उपकारासारखं वाटावं.

शिक्षणाच्या रकान्यावर आमचं वाजलं. मेहुण्याला हॉटेल मॅनेजमेंटची पदवी हवी, शक्यतो दादरच्या कॅटरिंग कॉलेजची. ते कॉलेज १९५४ सालचं, तिथली मुलं देशोदेशी गेली. ती मामांबरोबर प्लेटा मोजायला नाशकात का येतील, हे त्याला सांगता येईना. मी म्हटलं, या पदाला पदवी लागत नाही. पूर्वी प्रत्येक कार्यात एक कोठीवरचा काका असायचा. कमरेला किल्ल्या, डोक्यात सगळा हिशेब. साखर किती उरली, कुठली पंगत उठायची आहे, कोण रुसून मागच्या खोलीत बसलंय, हे न विचारता त्याला ठाऊक. सगळ्यांचं झाल्यावर तो गार भात आणि तळाशी गेलेला मठ्ठा घेऊन बसायचा. पगार नाही, बढती नाही, शेवटी टॉवेल-टोपी. हॉटेलवाल्यांनी त्याच काकाला कोट चढवला आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलं. फरक इतकाच की काकाला नोकरी सोडून दुसऱ्याच्या लग्नात जाता येत नव्हतं.

सुट्टीच्या मुद्द्यावर मात्र मी ठाम राहिलो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती द्यावी लागते. "देतो की," मेहुणा म्हणाला, "मुहूर्त नसेल तेव्हा." म्हणजे चातुर्मासात, पौषात आणि अधिक महिन्यात. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, ऐन सीझनच्या छाताडावर. मी म्हटलं, घ्या, महिनाभर माणूस मोकळा. तर म्हणाला, "तेव्हा डीलर मीट, बारशी आणि पंचाहत्तऱ्या असतात, दाजी." माझ्या पंचाहत्तरीकडे त्याचं लक्ष आहे, असं मला तेव्हा प्रथमच वाटून गेलं.

शेवटी मसुदा तयार झाला. मेहुण्याने त्यातला जिना काढला, विहीणबाईंचे गुडघे काढले आणि मोकळ्या जागी 'डायनॅमिक' हा शब्द दोनदा घातला. त्याला चोवीस अर्ज आले. सगळे डायनॅमिक आहेत. पहिल्याने मुलाखतीत विचारलं की रविवारी सुट्टी असते ना, आणि मेहुणा जोरात हसला.

म्हणून मूळ मसुदा आता मीच इथे सांगतो. हिशेबाला पक्का, कानाला तिखट, जिभेला गोड असा माणूस पाहिजे. बाई असल्या तर फारच उत्तम. रात्री उशीर झाला तर हॉटेलची गाडी घरापर्यंत सोडेल, हे मेहुण्याकडून लिहून घेतलं आहे. पगार बोलून ठरेल. आठवड्याची सुट्टी मिळेल, वार आम्ही सांगू. जेवण हॉटेलचं, ते गरम असेल याची हमी नाही. तुमच्या नात्यागोत्यात असं कुणी असेल तर जरूर पाठवा, फक्त दुपारी बारा ते तीन आणि संध्याकाळी सात ते अकरा पाठवू नका. तेव्हा पानं चालू असतात.