‘नको’ म्हणायचा परवाना

पोट भरलं म्हणून मराठी पंगतीतून सुखरूप उठलेला माणूस अजून कोणी पाहिलेला नाही. ‘पोट भरलं’ हे आपल्याकडे कोणी खरं धरत नाही. घासाघीस तिथून सुरू होते.

जिलेबीचं ताट घेऊन यजमानांचा मेहुणा तुमच्यापुढे वाकतो. तुम्ही दोन्ही हात पानावर आडवे धरता. तो तुमच्या तोंडाकडे बघत नाही, बोटांच्या फटीतून पान कुठे दिसतंय ते बघतो.

‘अहो, एकच. माझ्याखातर.’

‘नको हो, खरंच.’

‘शुगर आहे का?’

‘नाही.’

‘मग?’

या ‘मग?’ला उत्तर नसतं. जिलेबी पडते, एक म्हणता दोन पडतात. शुगर झालेल्याला पंगतीत मान आहे. त्याला न सांगता वगळतात, वर कोशिंबीर जास्त वाढतात. शुगर होऊ नये म्हणून नको म्हणणारा मात्र भाव खाणारा ठरतो. आपल्याकडे पथ्य पाळायला आधी आजार कमवावा लागतो.

डाएट प्लॅनचं खरं काम इथे सुरू होतं. काही वर्षांपूर्वी मराठी घरांत कुठला प्लॅन धरायचा यावरून सरळ फाळणी झाली होती. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित, मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा: कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवा, 55 मिनिटांत आटपा, मधल्या वेळात पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. दुसरीकडे ऋजुता दिवेकर: थोडं थोडं, दर दोन तासांनी खा, तूप-भाताला घाबरू नका, आजी खायची ते खा. ज्यांना इन्सुलिनचं स्पेलिंग येत नव्हतं ते लग्नाच्या हॉलमध्ये इन्सुलिनवरून हमरीतुमरीवर आले. मित्र तुटले, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फुटले.

दरम्यान दुनियेत लोक प्रयोग करत होते. चीनमध्ये ग्वांगचौला 139 स्थूल माणसांच्या कॅलरी सारख्याच कापल्या. निम्म्यांना सकाळी 8 ते दुपारी 4 एवढ्यातच खायची मुभा दिली, बाकीच्यांना घड्याळाची अट नव्हती. वर्षभराने घड्याळवाले सरासरी 8 किलोंनी उतरले, बिनघड्याळवाले 6.3 किलोंनी; संख्याशास्त्राच्या लेखी हा फरक धरण्याजोगा नव्हता. हा निकाल 2022चा. त्याआधी 2018मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डवाल्यांनी 609 जणांवर कमी चरबी विरुद्ध कमी कर्बोदकं असा सामना लावला. वर्षाअखेर 5.3 विरुद्ध 6 किलो. म्हणजे पुन्हा बरोबरी.

थोडक्यात, पंथ कुठलाही धरा, नेमाने कमी खाल्लं तर वजन उतरतं. मग प्लॅनमध्ये एवढं आहे काय? त्यात नियम आहे, आणि नियमामागे कोणीतरी मोठा माणूस आहे. ‘मला भूक नाही’ हे तुमचं मत झालं. मताला मेहुणा भीक घालत नाही. ‘माझी 55 मिनिटं संपली’ म्हटलं की तो थबकतो. वाद घालायचा तर थेट डॉक्टरांशी घालावा लागेल, आणि डॉक्टर पंगतीत नसतात.

ही युक्ती आपल्याला नवी नाही. चतुर्थीला कोणी कोणाला माझ्याखातर अर्धी पोळी वाढत नाही. देवाचं नाव घेतलं की आग्रह जागच्या जागी थांबतो. घोटाळा एवढाच की पोळीच्या जागी साबुदाण्याची खिचडी येते, वर दाण्याचं कूट, बटाटा, बाजूला तळलेल्या पापड्या. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण उगाच नाही पडली. देव परवाना देतो, पण मेन्यू बघत नाही.

व्यायामाची गोष्ट याच्या बरोबर उलटी. चालायला कोणाची परवानगी लागत नाही, चालून आल्यावर मात्र आपणच आपल्याला परवाना देतो. सत्तर किलोचा माणूस साडेचार किलोमीटर चालला की जळतात सुमारे 200 ते 250 कॅलरी. वडापाव तीनशेच्या आसपास. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700. हिशेब तिसरीतल्या पोराला येईल, तरी टेकडी उतरलेला जथा अमृततुल्यासमोर क्रीमरोल बुडवत उभा असतोच. चालावं जरूर; हृदय, साखर, झोप, सगळ्यांना ते मानवतं. पण वजनाचा निकाल टेकडीवर फार थोडा लागतो, ताटात जास्त लागतो.

या परवान्यातही घरातल्या बाईचा नंबर शेवटचा. नवऱ्याला कडकडून भूक साडेअकराला लागते, मुलांना दीडला. म्हणून तवा दोनदा तापतो. तिने स्वतः प्लॅन धरला तरी आमटीचं मीठ बघायचं असतं, पोराने टाकलेली अर्धी पोळी आणि पातेल्याच्या तळाचा चार घास भात ‘टाकवत नाही’ म्हणून संपवायचा असतो. तिला आग्रह करायला मेहुणा लागत नाही, उरलेलं अन्नच पुरतं. आणि ती नको म्हणालीच, तर शेरा तयार: ‘हल्ली बाईसाहेब डाएटवर आहेत.’

सगळ्यात मोठी गंमत पुढे आहे. वजन खरोखर उतरलं की परवाना रद्द होतो. ‘झालास की बारीक, आता घे.’ पाठोपाठ काकू: ‘चेहरा किती उतरलाय, बरं नाही का?’ इकडे शरीरही त्यांच्याच बाजूला. हलक्या देहाला इंधन कमी पुरतं, आणि भूक वाढवणारी संप्रेरकं वजन उतरून वर्ष झालं तरी चढीच राहतात, हे तपासून पाहिलेलं आहे. म्हणजे आतून भूक, बाहेरून काकू. गेलेले किलो परत येतात यात नवल ते काय! आणि आले की तेच लोक म्हणतात, ‘बघ, म्हटलं नव्हतं? या डाएटचा काही उपयोग नसतो.’

तेव्हा एवढं करा. काटा कितीही खाली आला तरी गावभर सांगू नका. कोणी विचारलंच तर कपाळाला आठ्या घालून म्हणा, ‘अजून दोन किलो राहिलेत, डॉक्टर सोडत नाहीत.’ ते दोन किलो जन्मभर राहू द्यात.